गव्हाच्या कोठीतली शिराझ

ती बाटली पंधरा वर्षं गव्हात होती. पत्र्याची कोठी, तिच्यात वर्षाचा गहू, गव्हात कडुनिंबाचा पाला आणि अगदी तळाशी आडवी पडलेली रेड वाइनची बाटली. दर उन्हाळ्यात कोठी रिकामी व्हायची, पुसली जायची, बाटली बाहेर यायची आणि नवा गहू भरायच्या आधी पुन्हा तळाशी जायची. हे सगळं काकू करायच्या. त्यांना वाइनमधलं काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. बाटली लपवण्याचं त्यांचं कारण साधं होतं. घरातला माणूस माळकरी, दारात वारकऱ्यांचं येणंजाणं, आणि फडताळात दारूची बाटली! दिसायला बरं नाही ते. मग फेकून का नाही दिली? तर, "घरच्या द्राक्षांची आहे ना, फेकवत नाही."

काकू म्हणजे दिंडोरीकरची आई. आमच्या ग्रुपमध्ये कुणाला नावाने हाक मारायची पद्धत नाही. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी जो जिथून आला तेच त्याचं नाव झालं, आणि दहा वर्षं झाली तरी तेच चालू आहे. एक लातूरकर, एक दिंडोरीकर आणि मी बार्शीची. तिघंही आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. चौथी मात्र नंतर सामील झाली. ती वाइन टेक्नॉलॉजी शिकलेली, नाशिककडच्या एका वायनरीत तीन वर्षं काम करून पुण्यात आलेली. तिला आम्ही वायनरीवाली म्हणतो.

२०२४ च्या दिवाळीनंतर दिंडोरीकरच्या घरच्यांनी जुनं मातीचं घर पाडायला काढलं. एप्रिलमध्ये त्याचं लग्न, त्याआधी स्लॅबचं घर हवं. घर रिकामं करताना कोठी बाहेर आली आणि या वेळी बाटली परत आत ठेवायला जागा नव्हती. काकूंनी ती जुन्या टॉवेलात गुंडाळून मुलाच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "तुम्ही पोरं काय करायचं ते करा. नानांना विचारू नको."

त्याने नानांना विचारलंच. नाना म्हणाले, "पिणार असाल तर प्या. पण कशी लागली ते मला सांगा."

हा लेख त्या सांगण्याबद्दल आहे. पण त्याआधी ती द्राक्षं कुठून आली ते सांगायला हवं.

*

नाशिक जिल्ह्यातली द्राक्षं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर थॉमसन येतं. लांबट, हिरवं, बिनबियांचं. वाइनचं द्राक्ष या सगळ्याच्या उलट असतं. बारीक मणी, जाड साल, आत बिया. खायला घेतलं तर तोंडात सालच जास्त येते. पण लाल वाइनचा सगळा जीव त्या सालीतच असतो. शिराझचा मणी कितीही काळा दिसला तरी आतला रस जवळजवळ पांढराच. रंग सालीचा, तुरटपणा साल आणि बियांचा. म्हणून लाल वाइन करताना रस सालीसकट आंबवतात.

महाराष्ट्रात हे खूळ फार जुनं नाही. पुण्याहून नाशिकला जाताना नारायणगाव लागतं, तिथे १९८० च्या दशकात श्यामराव चौगुले यांच्या इंडेजने फेसाळती वाइन बनवायला सुरुवात केली. नाशिकजवळ राजीव सामंत यांच्या सुलाची पहिली वाइन २००० मध्ये बाजारात आली. त्यानंतर २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणलं. करांत सवलत, नाशिकजवळ विंचूरला आणि सांगलीकडे पलूसला वाइन पार्क. पुढच्या काही वर्षांत महाराष्ट्रात पन्नासच्या वर वायनऱ्या उभ्या राहिल्या. त्यांना द्राक्षं हवी होती, आणि ती लावायला शेतकरी.

नानांनी २००४ मध्ये दोन एकर शिराझ लावली. डॉगरिजच्या खुंटावर कलम करून. वायनरीशी करार झाला. नानांनी वाइन कधी पाहिलीही नव्हती. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांच्या यात्रेला न चुकता जाणारा माणूस. गावात कुणीतरी टोमणा मारलाच असणार. त्यावर नाना म्हणायचे, "मी द्राक्षं पिकवतो. पुढचं त्यांचं ते बघतील."

आपल्याकडे द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या आसपास खरड छाटणी, तिच्यात वेलीचं लाकूड तयार होतं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, तिच्यानंतर घड येतात. युरोपात हिवाळ्यात वेली झोपतात, पानं गळतात, आणि छाटणी एकदाच. आपल्या वेलींना झोप माहीत नाही. त्यांना विळखा घालून बसलेला माणूसही बारा महिने झोपत नाही. पावसात डाऊनी, थंडीत भुरी, फेब्रुवारीत पाखरं. वाइनचं द्राक्ष वेलीवर जास्त दिवस ठेवावं लागतं, साखर वाढायला. खायच्या द्राक्षापेक्षा बरीच जास्त साखर लागते, २२ ते २४ ब्रिक्स. म्हणजे माल तयार दिसतोय तरी तोडता येत नाही, आणि ढग आले की जीव टांगणीला.

दिंडोरीकर सांगतो की त्या दिवसांत नाना रोज सकाळी दोन-चार मणी चावून बघायचे. साल वेगळी, गर वेगळा, बी वेगळी. बी हिरवी आणि कडू लागली तर अजून वेळ आहे. बी तपकिरी झाली, दाताखाली कडकन फुटली, की माल झाला. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. वायनरीचा माणूस यायचा, रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर रसाचा थेंब टाकायचा, उजेडाकडे धरून आकडा वाचायचा आणि जायचा. नानांना आकडा कळायचा. त्या द्राक्षांचं पुढे काय झालं, कशी लागली, ते कधीच कळलं नाही.

२००८ चा हंगाम चांगला गेला. मग त्याच वर्षी जगभर मंदी आली, नोव्हेंबरमध्ये मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं आणि पर्यटन थंडावलं. वाइन मुख्यतः तिथेच खपत होती. टाक्या भरलेल्या, माल उठत नाही. २००९ च्या फेब्रुवारीत वायनरीने नानांना कळवलं की यंदा माल नको.

इथे वाइनच्या द्राक्षाची खरी अडचण कळते. थॉमसनला व्यापारी सापडला नाही तर बेदाणा करता येतो. स्थानिक बाजारात पडेल त्या भावाने तरी जातं. शिराझ कोण खाणार? बियांमुळे बेदाणा होत नाही, जाड सालीमुळे हातगाडीवर चालत नाही. जगात तिला एकच गिऱ्हाईक, आणि त्याने दार लावलेलं. नानांचा त्या वर्षीचा माल वेलीवरच सुकला. मागच्या हिशेबातली काही रक्कम अडकली होती. तिच्यापोटी वायनरीने काही पैसे दिले आणि बाकीच्याबद्दल एक खोकं. २००८ ची शिराझ, बारा बाटल्या.

२०१० मध्ये नानांनी बाग काढली. त्या सुमारास नाशिक जिल्ह्यात अनेकांनी हेच केलं. कुणी वेली उपटल्या, कुणी त्याच खुंटावर खायच्या द्राक्षाचं कलम केलं. नानांनी टोमॅटो लावला. दिंडोरीकर तेव्हा चौदा वर्षांचा होता. ट्रॅक्टरला साखळी लावून वेली ओढताना त्याने पाहिलंय. तो म्हणतो, मुळं लवकर सुटत नाहीत, आधी नुसती माती हलते.

बारा बाटल्यांपैकी अकरा कुठे गेल्या याचाही हिशेब आहे. गुरांचा डॉक्टर, बँकेतले साहेब, मुंबईचे पाहुणे, कुणाची तरी अडलेली फाइल. बारावी गव्हात राहिली.

*

आता थोडं वाइन जुनी होण्याबद्दल. कारण यावर आमच्यात दोन आठवडे भांडण झालं.

लातूरकरचं म्हणणं, जुनी म्हणजे भारीच असणार, विकू या. वायनरीवालीने त्याला समजावलं की व्हिस्की पिंपात जुनी होते. बाटलीत भरली की तिचं वय थांबतं. वाइन बाटलीतही बदलत राहते. पण बदलते म्हणजे सुधारतेच असं नाही. जगातली बहुतेक वाइन दोन-चार वर्षांत प्यायलाच बनवलेली असते. फार थोड्या वाइनमध्ये इतका तुरटपणा, इतकी आंबटी आणि इतका गाभा असतो की त्या दहा-पंधरा वर्षं टिकतील.

बाटलीत काय होतं? तुरटपणा ज्यांच्यामुळे येतो ते टॅनिन आणि रंगाचे रेणू हळूहळू एकमेकांना धरून मोठे होत जातात. खूप मोठे झाले की जड होऊन तळाशी बसतात. म्हणून जुन्या लाल वाइनमध्ये साका असतो, रंग फिका झालेला असतो आणि तोंडात ती मऊ लागते. ताज्या फळाचा वास जातो आणि सुक्या फळाचा, मातीचा, चामड्याचा येतो. हे सगळं सावकाश व्हावं म्हणून बाटली १२ ते १५ अंशांत, अंधारात, न हलवता ठेवायची. आणि आडवी, म्हणजे बूच ओलं राहतं, आकसत नाही, हवा आत शिरत नाही. उष्णता वाढली की हेच बदल पळत सुटतात. आपल्याकडच्या एका मे महिन्यात बाटली पुष्कळ म्हातारी होऊ शकते.

"मग ही मेलेली असणार," मी म्हटलं.

वायनरीवाली म्हणाली, "शक्यता तीच जास्त. पण गहू कुठे होता ते सांग."

गहू होता माजघरात. दोन हात जाडीच्या मातीच्या भिंती, खिडकी नाही. बाटलीभोवती चारही बाजूंनी धान्य. उजेड नाही, हलणं नाही, दिवस-रात्रीच्या गरम-थंडाचा फरक आत पोचायला वेळ लागणार. बाटली आडवी. काकूंनी ती उभी ठेवली असती तर एव्हाना बूच सुकलं असतं. आडवी का ठेवली, तर उभी ठेवली की पायलीने गहू काढताना लागायची.

पुण्यात आमच्यापैकी कुणाला हे जमलं असतं का? माझा भाडेकरार अकरा महिन्यांचा. सहा वर्षांत मी पाच फ्लॅट बदलले. कर्वेनगर, बावधन, दोनदा वाकड, आता पुन्हा कर्वेनगर. माझ्याकडे पाच वर्षांपूर्वीची एकही वस्तू नाही, लॅपटॉपसुद्धा कंपनीचा. टेम्पोत घालताना काय न्यायचं आणि काय टाकायचं हे एका दुपारीत ठरवायची सवय झाली आहे. एक वस्तू पंधरा वर्षं एका जागी ठेवायची, तर आधी पंधरा वर्षं टिकणारी जागा हवी. आता तर ते माजघरही नाही.

म्हणून विकायचा प्रश्न मिटला. फ्रिजमध्ये ठेवून आणखी जुनी करायचाही. डिसेंबरातल्या एका शनिवारी माझ्या फ्लॅटवर उघडायची ठरली. वायनरीवालीने दोन दिवस आधी येऊन ती ओट्याच्या कोपऱ्यात उभी करून ठेवली, साका खाली बसायला. आणि बजावून गेली, "हात लावू नका." त्या दोन दिवसांत मी मिक्सरही लावला नाही.

*

शनिवारी संध्याकाळी साडेसातला सगळे जमले. पुण्यात डिसेंबरात रात्री हवा अशी असते की वाइन मुद्दाम थंड करावी लागत नाही. चिवडा, चीज आणि लातूरकरने कुठूनतरी आणलेले भाजलेले शेंगदाणे. वाइनचे ग्लास दोनच होते. बाकीच्यांना काचेचे साधे.

बूच निम्म्यात तुटलं. वायनरीवालीला ते अपेक्षित होतं. तिने उरलेला तुकडा हळूच बाहेर काढला, चुरा आत पडला. मग श्रीखंडाचा चक्का बांधायचं मलमलचं धुतलेलं फडकं आणि चहाची गाळणी. बाटली तिरकी धरून, मानेखाली मोबाइलचा टॉर्च लावून ती ओतत गेली. काचेतून साक्याची रेघ पुढे सरकताना दिसत होती. रेघ मानेशी आली तशी ती थांबली. तळाशी दोन बोटं गढूळ उरलं.

रंग पाहून आधी वाईट वाटलं. तरुण शिराझ जांभळी असते, दौतीतल्या शाईसारखी. ही मध्ये कोकम सरबताच्या रंगाची आणि कडेला विटकरी, अगदी काठावर कोऱ्या चहासारखी. वास घेतला तर जुनी ट्रंक उघडल्यासारखा. लातूरकर म्हणाला, "गेली." वायनरीवाली म्हणाली, "गप्प बस, पाच मिनिटं दे तिला."

पाच मिनिटांनी ट्रंकेचा वास विरला. आणि मग आमची पंचाईत झाली.

वाइनच्या वासाला जगाने शब्द दिलेत. ब्लॅककरंट, सीडर, सिगार बॉक्स. आमच्यापैकी कुणीही झाडावरचं ब्लॅककरंट पाहिलेलं नाही. वायनरीवालीने कामाच्या ठिकाणी हे सगळे शब्द इंग्रजीतून पाठ केलेत, पाहुण्यांना टूर देताना ती ते घडाघडा म्हणायची. पण आज नानांना सांगायचं होतं. नानांना सीडर म्हणून काय सांगणार?

"म्हणजे कसला वास येतोय ते तुमच्या भाषेत सांगा," ती म्हणाली. "मी लिहून घेते."

सुरुवात अडखळत झाली. दिंडोरीकर बराच वेळ ग्लासात नाक घालून बसला आणि म्हणाला, "खजूर. पण काळा, ओला." मी म्हटलं, वाळलेलं अंजीर, आणि मागे तंबाखूची डबी उघडल्यावर येतो तसा काहीतरी. माझे आजोबा पान खायचे, त्यांच्या चंचीचा वास. लातूरकर, जो आतापर्यंत "गेली" म्हणत होता, तो एकदम म्हणाला, "मिरी. काळी मिरी आहे यात."

वायनरीवाली खूश झाली. शिराझमध्ये मिरीचा वास येतो तो भास नसतो. रोटनडोन नावाचं एक द्रव्य आहे. काळ्या मिरीचा वास ज्याच्यामुळे येतो तेच शिराझच्या सालीत असतं, अगदी सूक्ष्म प्रमाणात. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी हे दाखवून दिलं ते साल २००८. म्हणजे ही द्राक्षं तोडली गेली तेच साल.

मग घोट. आणि इथे मराठी कामाला आली. इंग्रजीत ज्याला टॅनिक म्हणतात त्याला आपल्याकडे तुरट हा शब्द तयार आहे, आणि तो कुणालाही समजावून सांगावा लागत नाही. आयुर्वेदाच्या सहा रसांत तो एक रस. कच्चं जांभूळ तुरट, आवळा तुरट, कात तुरट, सुपारी तुरट, आणि प्रत्येकाचा तुरटपणा वेगळा. आम्ही ठरवलं, हा काताचा नाही, जांभळाचाही नाही. बराच वेळ चघळलेल्या सुपारीचा. धार गेलेली, पण आहे. आंबटी आमसुलाची, मागे राहणारी. गोडी नाही. शेवटी जिभेच्या टोकाला जरा मिरमिरतं.

चांगली होती का? खरं सांगायचं तर अशीच वाइन तळघरात १३ अंशांत ठेवली असती तर कदाचित फार चांगली लागली असती. ही दमलेली होती. पण मेलेली नव्हती. वायनरीवाली म्हणाली, "इतक्या जुन्या बाटलीला हवा लागली की ती जास्त वेळ देत नाही. काय ते पंधरा-वीस मिनिटांत."

दिंडोरीकरने फोन उचलला.

*

नाना साडेआठला झोपतात. पण जागे होते. शेजारच्या चुलत्यांच्या ओसरीवर बसले होते, नवं घर होईपर्यंत मुक्काम तिथेच. व्हिडिओ कॉल. आधी नुसतं कपाळ आणि पत्रा दिसला, मग काकूंनी मोबाइल सरळ धरला.

"उघडली का?"

"उघडली नाना."

"रंग?"

त्याने ग्लास ट्यूबलाइटसमोर धरला. नाना बघत राहिले. "फिकी झाली," म्हणाले. "आमची काळीकुट्ट होती." मग, "तुरट राहिली का गेली?"

वायनरीवाली आमच्या मागून पुढे आली. तिने लिहून घेतलेला कागद वाचून दाखवला. खजूर, अंजीर, तंबाखू, मिरी. तुरटपणा चघळलेल्या सुपारीचा. आंबटी आमसुलाची. नाना प्रत्येक शब्दाला हं म्हणत होते. मिरीला थांबले.

"मिरमिरतं का शेवटी? जिभेला?"

"हो काका. टोकाला."

"मुरमाडीचा माल. वरच्या अंगाला जमीन मुरमाड आहे ना, तिथला मणी बारका आणि असाच लागायचा. मी सांगायचो त्यांच्या माणसाला, हा माल वेगळा ठेवा. तो म्हणायचा, ब्रिक्स सारखंच आहे नाना."

वायनरीवाली क्षणभर काही बोलली नाही. मला माहीत होतं ती काय बोलायचं टाळतेय, कारण तिने ते आम्हाला आधीच सांगितलं होतं. वायनरीत एकेका शेतकऱ्याची वेगळी वाइन सहसा होत नाही. दहा-बारा जणांचा माल एका टाकीत पडतो. या बाटलीत नानांची द्राक्षं किती, हे कुणीच सांगू शकत नाही. कदाचित थोडीशीच. एका बाटलीला साधारण किलोभर द्राक्षं लागतात, त्यातले नानांचे दोन-चार घडसुद्धा असतील-नसतील. पण ती खोटं बोलणारी नाही. तिने सांगितलं.

"काका, एक आहे. टाकीत सगळ्यांचा माल एकत्र असतो. ही फक्त तुमचीच असेल असं नाही."

"माहिती आहे की," नाना म्हणाले. "मी तिथे रात्रभर लाइनीत उभा असायचो. माझ्या पुढे सात ट्रॅक्टर, मागे चार."

आणि मग त्यांनी ती लाइन सांगायला सुरुवात केली. कुणाचा ट्रॅक्टर कुठला होता, कुणाच्या क्रेट निळ्या, कुणाच्या पिवळ्या. कोण थर्मासमध्ये चहा आणायचा. दोन भाऊ होते, त्यांची बाग आता शेडनेट झाली, सिमला मिरची करतात. एकाने जमीन विकली आणि नाशिकला गाळा घेतला. एकाने त्याच खुंटावर थॉमसन बांधलं, बरं चाललंय. एक जण आता नाही. त्याच्याबद्दल नाना एवढंच म्हणाले आणि पुढच्यावर गेले. अकरा ट्रॅक्टर त्यांनी ओळीने सांगितले. पंधरा वर्षांपूर्वीचं माझं मला इतकं आठवत नाही.

२०२२ च्या जानेवारीत राज्य सरकारने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. वाइन म्हणजे दारू की दारू नाही, टीव्हीवर रोज तेच. दोन्हीकडचे लोक शेतकऱ्याचं नाव घेऊन बोलत होते. तेव्हा ऑफिसच्या कॉफी मशीनपाशी मीही त्यावर माझं मत दिलं असेल. आता त्या ट्यूबलाइटखाली, ग्लास हातात धरून, मला एवढंच जाणवलं की नानांना कुणी इतकं साधं कधी सांगितलंच नव्हतं. भाव सांगितला, ब्रिक्स सांगितलं, नकार सांगितला. तुमच्या मालाची चव कशी आली हे सांगितलं नाही. ज्यांना चव घेण्याचे पैसे मिळतात त्यांनी ते हॉटेलवाल्यांना सांगितलं, मासिकांना सांगितलं, टूरवर आलेल्या आम्हा पुणेकरांना सांगितलं. मणी चावून बी पाहणाऱ्या माणसाला नाही.

"तुम्ही वास तरी घ्या नाना," दिंडोरीकर म्हणाला. "तळाशी उरली आहे, पुढच्या आठवड्यात घेऊन येतो."

"नको रे. कळलं मला." मग काकूंकडे बघून हसले. "हिच्या गव्हाने टिकवली."

काकू फोनच्या मागून म्हणाल्या, "बास आता. जेवा पोरं."

आम्ही फोन ठेवला तेव्हा नऊ वाजायला आले होते. ग्लासात उरलेली वाइन परत चाखली. मिरी गेली होती, खजूर गेला होता, नुसती आंबट, पाणचट. वायनरीवालीने घड्याळ पाहिलं आणि काही न बोलता मान हलवली. आम्ही ती तशीच संपवली. मग लातूरकरने मसालेभात टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दिंडोरीकरने आमच्या ग्रुपवर एक स्क्रीनशॉट टाकला. नानांनी रात्रीच त्याच्याकडून ग्लासचा फोटो मागवून घेतला होता आणि तो गावाकडच्या द्राक्षवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला होता. औषधं, हवामानाचा अंदाज, मजुरांचे दर आणि पांडुरंगाचे फोटो, असा तो ग्रुप. त्यात मध्येच विटकरी कडांचा एक ग्लास. खाली नानांनी टाइप केलं होतं: शिराझ २००८. सोळा वर्षं झाली. अजून तुरट आहे. मिरी लागते.

काकू चिडल्या म्हणे. माळकऱ्याने असले फोटो टाकायचे का.

फोटोखाली आधी अंगठे आले, मग हात जोडलेले, मग कुणाचा तरी प्रश्न, नाना आता हे काय नवीन. त्याच्याखाली रात्री अकरा बेचाळीसला आलेला एक मेसेज होता. नंबर सेव्ह नव्हता, त्यामुळे नाव दिसत नव्हतं. पण नानांनी लगेच ओळखलं, त्यांच्या मागचा तिसरा ट्रॅक्टर.

"माझाबी माल होता त्यात."